वाचकांचे प्रश्न : उपडिरेक्टऱ्यांत उतरणारे स्वतःचे टार्गेट

(या अंकात एकाच विषयावरचे चार प्रश्न घेतले आहेत. ‘मेक’ हे ‘मेकफाइल’मधील नियम वाचून प्रोग्रॅम बांधणारे साधन आहे आणि त्याला सांगायच्या कामाचे नाव म्हणजे टार्गेट. कमांड, मॅक्रो आणि फाइल यांची नावे छपाईसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत, मॅक्रो आणि मेकची व्हेरिएबल कॅपिटल अक्षरांत लिहावीत; ‘एसआरसीडिर’ मात्र लहान अक्षरांत लिहावे.)

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद अडत दुकानासाठी मी सी भाषेत हिशेबाचा प्रोग्रॅम लिहीत आहे. त्यात ‘छपाई’, ‘तोल’ आणि ‘पट्टी’ अशा तीन डिरेक्टऱ्या आहेत. बांधणीसाठी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणारे ऑटोकॉन्फ आणि मेकफाइली तयार करणारे ऑटोमेक वापरले आहे. ‘मेक’ किंवा ‘मेक चेक’ म्हटले की तिन्ही डिरेक्टऱ्यांत आपोआप काम होते. त्याचप्रमाणे ‘मेक नमुने’ म्हटल्यावर प्रत्येक डिरेक्टरीने खोट्या सौद्यांवरून आपापले नमुना कागद, म्हणजे तोलपावती, शेतकऱ्याची पट्टी, हमाली-तोलाईचा तक्ता, तयार करावेत, असे मला हवे आहे. सध्या मी मुळातील मेकफाइलमध्ये शेलचा फॉर-लूप लिहून प्रत्येक डिरेक्टरीत ‘मेक नमुने’ चालवतो. परवा ‘छपाई’मधील काम अर्ध्यावर तुटले, तरी शेवटी सर्व ठीक असल्याचेच दिसले. याची रीतसर पद्धत कोणती? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी आपल्या लूपचे पाहू, कारण रीतसर पद्धतीत नेमके काय जास्त मिळते ते त्यावरूनच कळते. शेलच्या फॉर-लूपचा निकाल हा त्यातील शेवटच्या फेरीचा निकाल असतो. पहिल्या डिरेक्टरीत काम तुटले आणि शेवटच्या डिरेक्टरीत ते नीट पार पडले, तर शेल ‘यशस्वी’ असाच निरोप परत देते, आणि मेकला त्या निरोपाखेरीज दुसरे काही दिसत नाही. दुसरा दोष आपल्या पत्रातील ओळीत आहे. आपण लूपच्या आत नुसते ‘मेक’ लिहिले आहे. तेथे मेकचे स्वतःचे व्हेरिएबल, म्हणजे डॉलर चिन्ह आणि कंसात कॅपिटल अक्षरांतील ‘मेक’, असे लिहायला हवे. ते नसेल तर ‘-एन’ देऊन कोरडी फेरी (काहीही न करता फक्त काय होईल ते छापणे) घेताना मेक खालच्या डिरेक्टऱ्यांत उतरतच नाही, आणि ‘-जे’ देऊन समांतर कामे मागितली तर खालचा मेक जॉबसर्व्हर (समांतर कामांची वाटणी करणारी मेकची यंत्रणा) उपलब्ध नसल्याची सूचना देऊन एका वेळी एकच काम करू लागतो.

हे दोन्ही दोष आपण हाताने दुरुस्त करू शकता, पण ती मेहनत आता आवश्यक नाही. ऑटोमेकच्या १.१३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ च्या अखेरीपासून, आपले स्वतःचे रिकर्सिव्ह, म्हणजे उपडिरेक्टऱ्यांत उतरणारे, टार्गेट जाहीर करण्यासाठी एक मॅक्रो उपलब्ध आहे. त्याआधी लोक ऑटोमेकने निर्माण केलेल्या मेकफाइलमधील आतल्या व्हेरिएबलमध्ये आपले नाव चोरून घुसवत असत. तो उपाय कोठेही लिहिलेला नव्हता आणि कोणत्याही नव्या आवृत्तीत मोडू शकत होता. जुन्या प्रकल्पांतून तो उचलून आणण्याचा मोह टाळावा.

‘कॉन्फिगर डॉट एसी’ या फाइलीत, ऑटोमेक सुरू करणाऱ्या ओळीच्या खाली आणि शेवटच्या आउटपुटच्या ओळीच्या वर, पुढीलप्रमाणे लिहावे :

एएम_इनिट_ऑटोमेक([१.१३])
एएम_एक्स्ट्रा_रिकर्सिव्ह_टार्गेट्स([नमुने])

पहिल्या ओळीतील आकडा म्हणजे किमान आवृत्तीची अट आहे आणि ती लिहावीच, असे माझे मत आहे. एखाद्या जुन्या यंत्रावर त्याहून आधीचा ऑटोमेक असेल, तर ती अट पुरेशी स्पष्ट तक्रार करते; अट नसेल तर बहुधा ‘पॉसिबली अनडिफाइन्ड मॅक्रो’ अशी ओळ दिसते आणि वाचणारा आपल्या स्पेलिंगमधील चूक शोधत बसतो. दुसऱ्या ओळीतील नाव मात्र अक्षरशः तेथेच लिहिलेले हवे. हा मॅक्रो कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये काहीच निर्माण करत नाही. ऑटोमेक ‘कॉन्फिगर डॉट एसी’ वाचताना फक्त त्याची नोंद घेतो. त्यामुळे शेलच्या व्हेरिएबलमध्ये नाव साठवून ते येथे दिले, तर ऑटोमेकला त्याचा काही अर्थ लागणार नाही. एकाहून अधिक टार्गेट हवी असतील तर त्याच चौकोनी कंसात मध्ये जागा सोडून नावे लिहावीत.

आता प्रत्येक डिरेक्टरीतील ‘मेकफाइल डॉट एएम’, म्हणजे जिच्यावरून ऑटोमेक मेकफाइल तयार करतो ती फाइल, घ्या. तेथे ‘नमुने’ या नावाचा नियम लिहायचा नसून ‘नमुने-लोकल’ या नावाचा लिहायचा आहे :

नमुने-लोकल: पट्टीकार
	./पट्टीकार --नमुना $(एसआरसीडिर)/सौदे.टीएक्सटी > पट्टी-नमुना.टीएक्सटी

नावांची ही विभागणी समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. ‘नमुने’ हे आपण बाहेरून हाक मारायचे नाव आहे. ज्या डिरेक्टरीत ‘सबडिर्स’ (उपडिरेक्टऱ्यांची यादी असलेले व्हेरिएबल) दिलेले आहे, तेथे ते ‘नमुने-रिकर्सिव्ह’ या टार्गेटकडे बोट दाखवते. ते टार्गेट एकेका उपडिरेक्टरीत जाऊन पुन्हा ‘नमुने’ चालवते, आणि शेवटी स्वतःच्या डिरेक्टरीसाठी ‘नमुने-एएम’ चालवते. ‘नमुने-एएम’ हे ‘नमुने-लोकल’वर अवलंबून असते. यांपैकी पहिली तीन नावे ऑटोमेकची आहेत आणि फक्त चौथे आपले आहे. आपण मुळातील ‘मेकफाइल डॉट एएम’मध्ये ‘नमुने’ याच नावाचा नियम लिहिलात, तर आपला नियम ऑटोमेकच्या नियमावर मात करतो आणि खाली उतरण्याचे काम बंद पडते. म्हणून जुन्या फाइलींतील ‘नमुने’ हे नियम काढून त्यांच्या जागी ‘नमुने-लोकल’ लिहावे आणि मुळातील फॉर-लूप पुसून टाकावा.

एखाद्या डिरेक्टरीत नमुना करण्यासारखे काही नसेल, तर तेथे काहीही लिहू नये. मेक त्या डिरेक्टरीत जाईल, करण्यासारखे काही नाही असे सांगेल आणि बाहेर येईल. ती ओळ दिसते म्हणून काही जण रिकामे नियम लिहून ठेवतात. त्याची गरज नाही.

ऑटोमेकने लिहिलेला लूप आपल्या लूपपेक्षा दोन बाबतींत शहाणा आहे. एखाद्या उपडिरेक्टरीत काम तुटले, तर तो तेथेच थांबतो. आपण ‘-के’ हा पर्याय दिला असेल, तर तो पुढे जातो, पण अपयश लक्षात ठेवून शेवटी एकूण निकाल अपयशाचाच देतो. आपल्या तक्रारीचे उत्तर हेच आहे. दुसरे म्हणजे तो मेकचे व्हेरिएबल वापरत असल्यामुळे ‘मेक -एन नमुने’ म्हटल्यावर प्रत्यक्ष काहीही न करता तिन्ही डिरेक्टऱ्यांत काय काय होईल, ते छापून दाखवतो. मॅक्रो लिहून ‘ऑटोरीकॉन्फ’ (ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक पुन्हा चालवणारी कमांड) चालवल्यावर पहिली फेरी अशी कोरडीच घ्यावी.

क्रमाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. उपडिरेक्टऱ्या ‘सबडिर्स’मध्ये ज्या क्रमाने लिहिल्या असतील त्याच क्रमाने घेतल्या जातात आणि स्वतःच्या डिरेक्टरीचे काम सर्वांत शेवटी होते. ‘सबडिर्स’मध्ये एका ठिकाणी नुसता पूर्णविराम लिहिला, तर स्वतःचे काम त्या जागी होते. आपल्या खोट्या सौद्यांची फाइल मुळातील डिरेक्टरीत तयार होत असेल आणि ती सर्वांच्या आधी हवी असेल, तर यादीच्या आरंभी पूर्णविराम लिहिण्याचा उपाय सुचतो. पण तो क्रम केवळ ‘नमुने’साठी राहत नाही, ‘ऑल’, ‘चेक’ आणि ‘इन्स्टॉल’ यांनाही तोच लागू होतो, कारण यादी एकच आहे. एका टार्गेटसाठी वेगळा क्रम देण्याची सोय या मॅक्रोत नाही. त्यापेक्षा सौद्यांची फाइल तयार करण्यासाठी एक छोटी उपडिरेक्टरी करून ती यादीत प्रथम ठेवणे मला अधिक स्वच्छ वाटते.

याला जोडूनच एक सावधगिरी सांगतो. ‘मेक नमुने’ म्हणजे ‘आधी मेक, मग नमुने’ असा अर्थ होत नाही. वरच्या नियमात ‘पट्टीकार’ हे अवलंबन म्हणून लिहिले आहे, त्यामुळे त्या डिरेक्टरीतील प्रोग्रॅम जुना असेल तर तो पुन्हा बांधला जाईल. पण ‘पट्टीकार’ला ‘छपाई’ डिरेक्टरीतील लायब्ररी लागते, आणि ती लायब्ररी कशी बांधायची हे ‘पट्टी’च्या मेकफाइलला माहीत नसते. नुकत्याच उघडलेल्या सोर्समध्ये थेट ‘मेक नमुने’ म्हटले, तर काम तुटेल. याला दोन मार्ग आहेत. ‘छपाई’मधील ‘नमुने-लोकल’ या नियमात तेथील लायब्ररीचे नाव अवलंबन म्हणून लिहावे, म्हणजे ‘सबडिर्स’मध्ये ‘छपाई’ आधी असल्यामुळे ती वेळेवर तयार होईल. किंवा वापरणाऱ्याने आधी ‘मेक’ चालवावे असा दंडक ठेवून तो माहितीच्या फाइलीत लिहावा. पहिला मार्ग घेतला तरी कोणी केवळ ‘पट्टी’ डिरेक्टरीत जाऊन ‘मेक नमुने’ म्हटले, तर अडचण तीच राहते. हा दोष मॅक्रोचा नाही. प्रत्येक डिरेक्टरीसाठी वेगळा मेक चालवण्याच्या पद्धतीतच तो आहे.

तयार झालेल्या कागदांची नावे त्या त्या डिरेक्टरीत ‘क्लीनफाइल्स’ या व्हेरिएबलमध्ये लिहावीत, म्हणजे ‘मेक क्लीन’ त्यांना काढून टाकेल. सोर्समधील फाइल वाचताना मार्गाच्या आधी ‘एसआरसीडिर’ लिहावे, जसे वर केले आहे, आणि लिहायची फाइल मात्र चालू डिरेक्टरीतच लिहावी. ‘मेक डिस्टचेक’ सोर्सची डिरेक्टरी केवळ वाचण्यापुरती ठेवून दुसरीकडे बांधणी करतो, आणि बेफिकिरीने लिहिलेला मार्ग तेथे उघडा पडतो.

शेवटी, हे टार्गेट खरोखर वेगळे असावे का, याचाही विचार करावा. नमुना पट्टी तयार करून आपण ती जुन्या, बरोबर असलेल्या पट्टीशी ताडून पाहणार असाल, तर ती चाचणी आहे, आणि तिच्यासाठी ‘चेक’ आधीपासून प्रत्येक डिरेक्टरीत उतरतोच; ‘चेक-लोकल’ हा नियम पुरेसा आहे. कागद पीडीएफ असतील तर ‘पीडीएफ-लोकल’सुद्धा उपलब्ध आहे, पण ते टार्गेट माहितीपुस्तिकांसाठी आहे, आणि पट्टीचे नमुने त्यात घातले तर पुढे प्रकल्प हाती घेणारा माणूस चकित होईल. आपल्या वर्णनावरून हे कागद अडत्याला दाखवून मान्यता घेण्यासाठी आहेत असे दिसते, म्हणून वेगळे टार्गेट योग्यच आहे.

प्रश्न : मी दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम करतो. फॅट मोजणाऱ्या यंत्राशी सिरियल पोर्टवरून बोलणारी लायब्ररी दुसऱ्यांनी लिहिलेली आहे. तिची स्वतःची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट आहे आणि ती मी ‘फॅटलिब’ या उपडिरेक्टरीत जशीच्या तशी ठेवली आहे. वरील मॅक्रो मी आधीपासून वापरत आहे. ‘मेक’ नीट चालते, पण माझे टार्गेट चालवले की ‘फॅटलिब’मध्ये पोचताच ‘नो रूल टू मेक टार्गेट’ असे म्हणून सर्व थांबते. (एक वाचक, सातारा)

उत्तर : या मॅक्रोची हद्द एका ‘कॉन्फिगर डॉट एसी’पुरती असते. आपल्या फाइलीत केलेली घोषणा आपल्या मेकफाइलींना कळते. ‘फॅटलिब’च्या मेकफाइली तिच्या स्वतःच्या ‘कॉन्फिगर डॉट एसी’वरून तयार झाल्या आहेत, आणि तेथे आपल्या टार्गेटचा पत्ताच नाही. ‘ऑल’ आणि ‘चेक’ चालतात, कारण ती नावे दोन्हीकडे ठाऊक आहेत. हाताने लिहिलेली मेकफाइल ‘सबडिर्स’मध्ये घातली तरी हेच घडते.

लायब्ररी आपली असती, तर तिच्या फाइलीतही तीच घोषणा लिहिण्याने काम भागले असते. ती दुसऱ्यांची आहे, म्हणून तिच्यात हात घालू नये. पुढील आवृत्ती आणताना आपला बदल हरवतो आणि तोवर त्याची आठवणही उरलेली नसते. ग्नू मेक ‘मेकफाइल’च्या आधी ‘ग्नूमेकफाइल’ या नावाची फाइल शोधतो. त्या नावाची एक फाइल ‘फॅटलिब’मध्ये ठेवून तिच्यात मूळ मेकफाइल ‘इन्क्लूड’ करावी आणि खाली आपल्या टार्गेटचा एक रिकामा नियम लिहावा. आपले ग्राहक लिनक्सवर ग्नू मेकच वापरत असतील, तर मी हाच उपाय निवडेन. बांधणी सोर्सच्या बाहेर होत असेल, तर ती फाइल बांधणीच्या डिरेक्टरीत असायला हवी, एवढे पाहावे.

इतर मेकही चालायला हवे असतील, तर ‘सबडिर्स’मध्ये ‘फॅटलिब’ऐवजी एक मध्यस्थ डिरेक्टरी लिहावी. तिच्या ‘मेकफाइल डॉट एएम’मध्ये ‘ऑल-लोकल’, ‘चेक-लोकल’, ‘क्लीन-लोकल’ असे नियम लिहून त्यांच्यातून ‘फॅटलिब’मध्ये मेक चालवावा, आपले टार्गेट त्या मध्यस्थापाशीच शांतपणे संपेल. याची किंमत अशी की ‘मेक डिस्ट’च्या वेळी ‘फॅटलिब’च्या फाइली आपोआप गठ्ठ्यात येत नाहीत, त्यांची व्यवस्था ‘एक्स्ट्रा_डिस्ट’मध्ये वेगळी करावी लागते.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे की ‘कॉन्फिगर’च्या वेळी बंद केलेल्या डिरेक्टरीत हे टार्गेट उतरते का. उतरत नाही. स्वतःची टार्गेट फक्त ‘सबडिर्स’ची यादी पाहतात. ‘डिस्टक्लीन’ आणि ‘मेंटेनर-क्लीन’ ही मात्र ‘डिस्ट_सबडिर्स’ची यादी पाहतात, आणि तीत बंद केलेल्या डिरेक्टऱ्याही असतात. म्हणून जुने निकाल पुसण्याचे काम स्वतःच्या टार्गेटकडे देऊ नये. ते ‘क्लीन’च्या कुळाकडेच राहू द्यावे.

प्रश्न : माझ्या प्रकल्पात चार डिरेक्टऱ्या आहेत. ‘मेक -जे ८’ म्हटल्यावरही माझे रिकर्सिव्ह टार्गेट एका वेळी एकाच डिरेक्टरीत काम करताना दिसते. प्रोसेसरचे बाकीचे कोअर मोकळे का राहतात? (एक विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : कारण डिरेक्टऱ्यांमधून फिरणारा तो लूप शेलचा आहे, आणि शेल एक फेरी संपल्याखेरीज दुसरी सुरू करत नाही. समांतर कामे होतात ती प्रत्येक डिरेक्टरीच्या आत. तेथे एकच काम असेल तर एकच कोअर राबतो.

बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक लिहिले, तेव्हा सर्व अवलंबनांचा एकच आलेख पाहून काय करायचे ते ठरवणे हीच त्यामागची कल्पना होती. प्रत्येक डिरेक्टरीसाठी वेगळा मेक चालवला की त्या आलेखाचे तुकडे होतात आणि कोणत्याही एका मेकला पूर्ण चित्र दिसत नाही. पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा आक्षेप सविस्तर मांडला, आणि तो आजही खरा आहे. ऑटोमेकमध्येही एकच मोठी मेकफाइल ठेवता येते : ‘सबडिर-ऑब्जेक्ट्स’ हा पर्याय सुरू करावा आणि प्रत्येक डिरेक्टरीतील तुकडा मुळातील फाइलीत ‘इन्क्लूड’ करावा. १.१४ या आवृत्तीपासून अशा तुकड्यात ‘%रेलडिर%’ असे लिहिले, की त्या जागी त्या डिरेक्टरीचा मार्ग येतो, त्यामुळे मार्ग पुन्हा पुन्हा लिहावे लागत नाहीत. मग रिकर्सिव्ह टार्गेटची गरजच संपते. ‘नमुने’ हे साधे टार्गेट होते, त्याच्यापुढे सर्व कागदांची नावे अवलंबने म्हणून येतात आणि ‘-जे ८’ आठही कोअर कामाला लावतो.

तरीही आपल्या पत्रातील चार डिरेक्टऱ्यांच्या प्रकल्पासाठी ही उलथापालथ करावी, असे मी म्हणणार नाही. फेरी काही सेकंदांची असेल तर मॅक्रो पुरे आहे. वेळ मिनिटांत जाऊ लागला, किंवा पहिल्या उत्तरातील ‘छपाई’सारखी परस्परावलंबने वाढू लागली, तर बदल करावा.

प्रश्न : सीमेक या बांधणीच्या दुसऱ्या साधनात याच्या तोडीचे काही आहे का? (एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : तसाच मॅक्रो नाही, कारण सीमेकमध्ये टार्गेटची नावे सामान्यतः संपूर्ण प्रकल्पासाठी एकच असतात, डिरेक्टरीगणिक एकाच नावाचे टार्गेट लिहायला गेल्यास तो नकार देतो. म्हणून मुळातील फाइलीत ‘अ‍ॅड_कस्टम_टार्गेट’ने ‘नमुने’ हे रिकामे टार्गेट निर्माण करावे, उपडिरेक्टरीत ‘नमुने-पट्टी’, ‘नमुने-तोल’ अशी वेगळ्या नावांची टार्गेट लिहावीत आणि तेथेच ‘अ‍ॅड_डिपेंडन्सीज’ने त्यांना ‘नमुने’शी जोडावे. ‘नमुने-पट्टी’ला ‘छपाई’ची लायब्ररी लागते, हेही त्याच कमांडने सांगता येते आणि ते डिरेक्टरीची सीमा ओलांडून पाळले जाते. एक पथ्य आहे : मूळ ‘नमुने’ निर्माण करणारी ओळ ‘अ‍ॅड_सबडिरेक्टरी’च्या ओळींच्या वर असावी, कारण जोडणी करण्याच्या क्षणी ते टार्गेट अस्तित्वात असावे लागते.